मामाच्या फुटबॉलच्या कॅसेट आणि सेकंडहँड डीव्हीडी रेकॉर्डरची शोधाशोध

गेले पाच महिने मी भेटेल त्याला एकच विचारत होतो, घरात जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडलाय का. प्लेअर नको, डिस्कवर लिहिणारा रेकॉर्डर पायजे. निम्म्या लोकांनी प्लेअरच काढून दाखवला, कारण रेकॉर्डर ही वस्तू आपल्याकडं फार घरांत आलीच नाही, व्हीसीआर गेला, व्हीसीडी आली, मग डीव्हीडी प्लेअर आणि त्याच्यानंतर एकदम मोबाईल. मधला रेकॉर्डर बऱ्याच जणांनी बघितलेला पण नाही. म्हणून म्हटलं सगळं नीट लिहून ठेवावं, कोणाच्या तरी माळ्यावर अजून कॅसेट असतीलच आणि त्याला माझ्यासारखं दोनदा पैसे घालवायला लागू नयेत.

आधी कॅसेटचं सांगतो. माझा मामा कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत राहतो. नव्वदच्या दशकात तो लग्नाचं शूटिंग करायचा, खांद्यावर घ्यायचा तो मोठा पॅनासॉनिकचा कॅमेरा, ज्यात पूर्ण साइजची व्हीएचएस कॅसेट बसायची. लग्नसराई नसली की तोच कॅमेरा घेऊन शाहू स्टेडियमला जायचा आणि मॅच शूट करायचा. कोणी पैसे देत नव्हतं, नुसता फुटबॉलचा नाद. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण आमच्याकडं पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात, आणि घराघरात कोण कुठल्या तालमीचं हे लग्न जमवताना सुद्धा बोललं जातं. मामाकडं अशा मॅचच्या एकवीस कॅसेट होत्या. त्या काळातल्या केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगच्या मॅचचं शूटिंग आणखी कोणाकडं असेल असं मला वाटत नाही, असेल तर मला खरंच कळवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका पातळी, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. मामाच्या खालच्या खोलीत कंबरेपर्यंत पाणी होतं आणि कॉटखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत चार कॅसेट होत्या. बाकीच्या सतरा माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. त्या चार मामानं धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्यात, टाकायला तयार नाही. पण माळ्यावरच्या पण काय सुखरूप नाहीत. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने भिंतीला ओल, आणि कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पांढरी बुरशी दिसायला लागली होती. मामी म्हणाली, "बाळ्या, ह्याचं काय तरी कर बाबा, न्हायतर ह्यो माणूस झोपत न्हाई."

तर काम काय होतं, या कॅसेट डिस्कवर घ्यायच्या, स्वस्तात, आणि घरच्या घरी. दुकानात दिल्या तर कॅसेटमागं पैसे घेतात, ते परवडलं असतं पण मामा कॅसेट हातातून सोडायला तयार नव्हता. आधी मी ते यूएसबीला लावायचं छोटं कॅप्चर डबडं आणलं, सहाशे रुपयाला. घरच्या नवीन कॅसेटवर ठीक चालत होतं, पण मामाच्या कॅसेटवर जिथं चित्र जरा हलतं तिथं ते फ्रेम गाळायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी आवाज एकीकडं आणि चित्र एकीकडं, म्हणजे किक मारलेली दिसते आणि पब्लिकचा आरडाओरडा आधीच होऊन गेलेला असतो. तासन्‌तास कॉम्प्युटरवर बसून जुळवत बसायला मला वेळ नाही. मग शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या टीव्ही मेकॅनिक काकांनी सांगितलं की दादा, रेकॉर्डरच बघा, त्याला व्हीसीआर जोडायचा, कॅसेट वाजवायची, बटण दाबायचं, विषय संपला.

इथनं माझी शोधाशोध सुरू झाली आणि पहिली चूक पण. एका ऑनलाइन जाहिरातीत मस्त चकाचक मशीन दिसलं, २२०० रुपये, विकणारा दुसऱ्या गावचा, मी फोटो बघून पैसे पाठवले. मशीन घरी आलं, मागची पट्टी वाचली, १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. अमेरिकेतनं कोणीतरी आणलेलं. आपल्या २३० व्होल्टला थेट लावलं असतं तर तिथंच धूर निघाला असता. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालू केलं तरी काय उपयोग नाही, कारण ते मशीन एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीचं. आपल्याकडच्या सगळ्या जुन्या कॅसेट पाल सिस्टिमच्या, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम, तिकडं ५२५ रेषा आणि सेकंदाला साधारण ३०. मामाची कॅसेट लावल्यावर काळंपांढरं चित्र वरून खाली पळत होतं. विकणाऱ्यानं फोन उचलायचा बंद केला. पैसे गेले ते गेलेच. म्हणून पहिली गोष्ट, मशीनचा पुढचा फोटो बघू नका, मागच्या पट्टीचा फोटो मागा, २२०-२४० व्होल्ट आणि पाल हे दोन शब्द दिसल्याशिवाय पुढं बोलायचंच नाही. जपानहून आलेल्या मशीनचं पण तेच, तिथं १०० व्होल्ट आणि एनटीएससी.

नवीन घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनं २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं, आणि डीव्हीडी रेकॉर्डर आपल्याकडच्या दुकानांतनं त्याच्या आधीच गेले होते. म्हणजे जे काय घ्यायचं ते वापरलेलंच, आणि वापरलेलं घेताना कोणाच्या हातचं वापरलेलं हे बघायला पायजे.

काय बघायचं ते सांगतो, मी जसं शिकलो तसं. सगळ्यात महत्त्वाचा रिमोट. प्लेअर रिमोटशिवाय चालतो, रेकॉर्डर चालत नाही, कारण इनपुट कुठला, क्वालिटी कुठली, डिस्क फायनलाइझ कर, हे सगळं मेनूत असतं आणि मेनूची बटणं बहुतेक मशीनवर पुढं नसतातच. मला दोन मशीन चांगली मिळत होती पण रिमोट नाही, सोडून दिली. बाजारात मिळणारा कॉमन रिमोट लावला तर प्ले-स्टॉप होतं, फायनलाइझपर्यंत पोचता येत नाही.

फायनलाइझ म्हणजे काय ते पण सांगतो, कारण इथंच बरेच जण फसतात. रेकॉर्डरनं डिस्कवर लिहिलं म्हणजे झालं असं नाही, शेवटी डिस्क बंद करायला लागते, त्यात मेनू आणि फाइलींची यादी पक्की होते. ते केलं नाही तर ती डिस्क फक्त त्याच मशीनमध्ये वाजते, शेजारच्याच्या प्लेअरमध्ये टाकली तर नो डिस्क. आणि फायनलाइझ चालू असताना लाइट गेली तर ती डिस्क गेली समजा. माझी एक तशीच गेली, रविवारी दुपारी, मामा शेजारी बसलेला असताना. नशीब कॅसेट होती म्हणून परत घेता आली. त्याच्यानंतर कॉम्प्युटरचा यूपीएस उचलून रेकॉर्डरला लावला. तुमच्या भागात लाइट जात असेल तर यूपीएसशिवाय डिस्क घालूच नका.

दुसरं लेझर. विकणाऱ्याच्या घरी जाताना माझ्या पिशवीत एक कोरी डीव्हीडी-आर, एक डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि घरचा छोटा प्लेअर असायचा. दहा मिनिटं काहीतरी रेकॉर्ड करा, फायनलाइझ करा, मग माझ्या प्लेअरमध्ये लावून बघू. पिक्चरची डिस्क वाजवून दाखवली म्हणजे मशीन चांगलं असं होत नाही, वाचायला लेझर कमी ताकदीवर चालतो आणि लिहायला जास्त लागते, म्हातारा लेझर वाचतो पण लिहीत नाही. या एका तपासणीत तीन मशीन बाद झाली. आणि झाकण उघडू दिलं तर पॉवर सप्लायच्या पट्टीवरचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या डबीसारखे उभे भाग, बघा, वरचं टोपण सपाट पायजे, फुगलेलं असलं तर आज ना उद्या मशीन चालू व्हायचं बंद होणार. मेकॅनिक काका म्हणतात ते काम स्वस्तात होतं, पण मग भाव तसा करून घ्या.

डिस्कच्या नावांवरनं डोकं फिरतं. माइनस आर, प्लस आर, माइनस आरडब्ल्यू, प्लस आरडब्ल्यू, रॅम. कंपन्यांचं आपसात जमलं नाही म्हणून हे झालं, पॅनासॉनिकनं रॅम धरली, फिलिप्स आणि सोनीनं प्लस. आपल्याला त्यात पडायचं कारण नाही. ठेवायची वस्तू डीव्हीडी-आरवर, एकदाच लिहिता येते आणि बहुतेक सगळ्या प्लेअरमध्ये वाजते. आरडब्ल्यू पुसून परत वापरता येते, ती प्रॅक्टिसला. सगळ्या एकाच मापाच्या, ४.७ जीबी. डिस्क घेताना मात्र पाच-दहा रुपये वाचवू नका. पूर्वी आपल्याकडं मोझर बेअरच्या डिस्क कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळायच्या, ती कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली, आता जे काय मिळतं त्यातनं नाव असलेलीच घ्यायची.

आता क्वालिटीचं, याच्यावर मी जरा जास्त बोलणार कारण मामाच्या कॅसेट फुटबॉलच्या आहेत. रेकॉर्डरवर मोड असतात, एक्सपीत एका डिस्कवर एक तास, एसपीत दोन तास, एलपीत चार, आणि ईपीत सहा किंवा आठ. बघताना वाटतं की एलपीत चार तास बसतात तर दोन मॅच एका डिस्कवर, डिस्क वाचली. मी पहिली मॅच तशीच घेतली. गोलकीपरनं लांब किक मारली आणि बॉल हवेत गेल्यावर त्याच्या जागी नुसते चौकोन, चार-पाच राखाडी चौकोन सरकताना दिसत होते, आणि मागचं पब्लिक म्हणजे ओलं वर्तमानपत्र. मामानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बॉल कुठाय रं?" कारण सरळ आहे, एलपीत डेटा एसपीच्या निम्मा मिळतो, बऱ्याच मशीनमध्ये रेझोल्यूशनच निम्मं होतं, आणि जुन्या कॅसेटवर जी मुंग्यांसारखी सळसळ असते ती पण मशीनला हालचालच वाटते, मग असलेला डेटा त्या मुंग्यांवरच खर्च होतो. भाषण असेल, पूजा असेल, एक माणूस बसून बोलतोय असं असेल तर एलपी एक वेळ चालेल. मैदानातलं काय पण असलं तर एसपीच्या खाली जायचं नाही. माझ्या मशीनमध्ये एफआर नावाचा मोड आहे, त्याला सांगायचं की मला एक तास चाळीस मिनिटं बसवायची आहेत, तो बरोबर डिस्क भरेल अशी क्वालिटी ठरवतो. हाफटाइम धरून मॅच तेवढीच भरते. लई कामाची गोष्ट, मशीन बघताना ही आहे का विचारा.

मागच्या पिनांचं. पिवळी, पांढरी, लाल एवढ्या तीन पिनांचा इनपुट असला की बास. एस-व्हिडिओ, म्हणजे चित्राची वेगळी गोल पिन, आहे म्हणून कोणी हजार रुपये जास्त मागितले तर देऊ नका, साध्या व्हीएचएस व्हीसीआरला एस-व्हिडिओ आउट नसतोच, तो एस-व्हीएचएस किंवा हाय-एटच्या कॅमेऱ्याला. हां, तुमच्याकडं २००० नंतरच्या मिनीडीव्ही कॅसेट असतील तर पुढच्या बाजूला डीव्हीची छोटी पिन असलेलं मशीन मिळवा आणि कॅमेरा जपून ठेवा. सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत मिनीडीव्ही कॅसेट आणि रेकॉर्ड करायच्या ब्ल्यू-रे डिस्क दोन्हीचं उत्पादन बंद केलं, ते सामान रोज कमीच होणार. टीव्हीचा ट्यूनर आहे म्हणून पण जास्त पैसे देऊ नका, ॲनालॉग केबल गेली, आता सेट टॉप बॉक्स त्याच तीन पिनांनी लावायचा असतो. मामाच्या व्हीसीआरला आवाजाची एकच पिन आहे, मोनो, त्यामुळं आवाज एकाच स्पीकरमधून येत होता, तीस रुपयांची वाय पिन आणली आणि दोन्हीकडं आला.

व्हीसीआर आणि रेकॉर्डर एकत्र असलेलं कॉम्बो मशीन पण येतं, एक बटण दाबलं की कॅसेटवरून डिस्कवर. ज्याच्याकडं व्हीसीआरच नाही त्याला ते सोयीचं. मी घेतलं नाही, कारण बुरशीची कॅसेट आत गेली आणि टेप वाचणारं हेड खराब झालं की अख्खं मशीन मेकॅनिककडं जाणार. वेगळा व्हीसीआर असला की तेवढाच साफ करायचा. आणि बाजारातली भाड्याची पिक्चरची कॅसेट असेल तर त्यावर कॉपी होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन नावाचं कुलूप असतं, रेकॉर्डर नाही म्हणतो. गंमत म्हणजे मामाच्या स्वतः शूट केलेल्या दोन कॅसेटला पण तो नाही म्हणाला. सिग्नल इतका ढिला झालाय की मशीनला ते कुलूपच वाटलं. मेकॅनिक काकांकडचा दुसरा व्हीसीआर लावला, ट्रॅकिंग हातानं जुळवलं, तेव्हा एक कॅसेट झाली, दुसरी अजून बाकी आहे. ज्यांना यात आणखी खोल जायचंय त्यांनी पॅनासॉनिकचा ईएस१० किंवा ईएस१५ रेकॉर्डर मिळतोय का बघा, जगभर कॅसेट उतरवणारे लोक तो नुसता मधे जोडतात, रेकॉर्ड दुसरीकडं करतात, कारण तो हलणाऱ्या रेषा सरळ करून पुढं पाठवतो. मला मिळाला नाही.

मग मला मिळालं कुठं, तर राजारामपुरीतल्या एका फोटो स्टुडिओत. हे माझ्या लक्षात आधी आलं असतं तर चार महिने वाचले असते. घरात रेकॉर्डर कोणाकडं नव्हते, पण लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडं होते, कॅसेटवरून पटापट डिस्क काढून द्यायला. ते लोक आता पेनड्राइव्ह देतात आणि ही मशीन कपाटात पडून आहेत. मामानंच जुन्या दोस्ताला फोन लावला, "भावा, ते डबडं अजून हाय का तुझ्याकडं?" आणि होतं. पॅनासॉनिक, आत १६० जीबीची हार्ड डिस्क, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेला, आणि मागच्या पट्टीवर पाल. साडेचार हजार म्हणाले, मामाकडं बघून चार हजारला दिलं, वर पंचवीस कोऱ्या डिस्क.

हार्ड डिस्कवालं थोडं महाग पडतं पण परवडत असेल तर तेच घ्या असं मी मनापासून सांगीन. कॅसेट आधी हार्ड डिस्कवर घ्यायची, एक्सपीत साधारण ३५ तास बसतात, मग बसून बघायची, मधे कुठं चित्र गेलं असेल तर तेवढा भाग परत घ्यायचा, पुढचा मागचा निळा पडदा कापायचा, आणि समाधान झालं की डिस्क लिहायची. मामाच्या या जुन्या कॅसेटवरनं टेप किती वेळा फिरवायची याला पण मर्यादा आहे, प्रत्येक वेळी थोडी पावडर गळतेच, त्यामुळं एकदाच वाजवून काम होणं हे सगळ्यात मोठं.

कॅसेट लावायच्या आधीची तयारी. पहिल्यांदा पाठीमागची प्लास्टिकची चिमुकली टॅब तोडलेली आहे का बघा, नसेल तर तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाणार नाही. मग वाजवायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं, वर्षानुवर्षं पडून टेप एकमेकांना चिकटलेली असते. बुरशी दिसतेय ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालायची नाहीच, हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. हेड साफ करताना काकांनी मला हात धरून शिकवलं, कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करायची, हेड बसवलेल्या गोल ड्रमला हलकी टेकवून धरायची, आणि कागद स्थिर ठेवून ड्रम बोटानं फिरवायचा. कागद वरखाली घासायचा नाही, हेडचं टोक केसाएवढं असतं, तुटतं.

आत्तापर्यंत सतरापैकी सोळा झाल्या. प्रत्येकीच्या दोन डिस्क, शिवाय फाइली कॉम्प्युटरवर कॉपी केल्या आणि एक सेट पुण्याला मामेभावाकडं पाठवला, कारण पंचगंगेचा काय भरवसा धरावा. डिस्कवर बॉलपेननं लिहायचं नाही आणि स्टिकर लावायचं नाही, डिस्कवर लिहायचा मार्कर मिळतो त्यानं आतल्या पारदर्शक गोलावर नंबर टाकायचा. मामा आता रोज जेवण झालं की एक लावतो. कॅमेरा त्याच्याच खांद्यावर असल्यामुळं सगळ्या मॅचभर सगळ्यात मोठा आवाज त्याचाच, "सोड, सोड की रं, पास दे!" आणि मधेच मामीचा, ती तेव्हा डबा घेऊन स्टेडियमला यायची हे मला माहीतच नव्हतं.

राहिल्या पुरातल्या चार. काकांनी सांगितलंय की रिकाम्या चांगल्या कॅसेटचं कवच घ्यायचं, पाच स्क्रू काढायचे, आणि टेपची दोन्ही चाकं उचलून त्यात बसवायची, पण त्याआधी ती पूर्ण कोरडी पायजेत आणि वाजवायला एक जुना व्हीसीआर पायजे जो खराब झाला तरी चालेल. तसा व्हीसीआर कोणाकडं असेल तर सांगा, चालू स्थितीत पायजे, पालच पायजे, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.